पूर्वज कुठल्या देशातून आले? वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरताना पडणारे प्रश्न

आपली माणसं मूळची कुठली, हे शोधायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला त्याच त्या अडचणी येतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. एक गोष्ट या उत्तरांमध्ये पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगते: देश शोधू नका, गाव शोधा. गाव सापडलं की देश त्याच्या मागोमाग येतो. गावाशिवाय हाती लागलेला देश बहुतेक वेळा अर्धाच खरा असतो.

सॉफ्टवेअरमध्ये नावं भरली की मूळ देश कळतो का?

नाही. सॉफ्टवेअर ही एक शिस्तशीर वही आहे. जे तुम्ही भराल तेच ती सांभाळते. पण ही वही एक काम फार छान करते. कुठली फांदी कुठे येऊन थांबली आहे, ते ती लगेच दाखवते. ज्यांचे आईवडील माहीत नाहीत असे पूर्वज वेगळे काढणारा अहवाल बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो. ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर तो तयारच मिळतो. मूळ देशाचा प्रश्न खरा तिथेच, त्या टोकांवर असतो. चार आजी-आजोबांच्या चार वाटा चार ठिकाणी जाऊन थांबतात, आणि त्यातली एक दुसऱ्याच खंडात निघू शकते. म्हणून ‘माझा मूळ देश कोणता’ असा एकच प्रश्न न ठेवता प्रत्येक टोकासाठी तो वेगळा विचारा. दर दोन-तीन महिन्यांनी हा अहवाल काढून पाहा. काम कुठे पुढे सरकलं आणि कुठे नुसतीच नावांची भर पडली, ते त्यात स्पष्ट दिसतं.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःपासून, आणि मग एकेक पिढी मागे. आडनाव सारखं आहे म्हणून कुठल्या तरी प्रसिद्ध घराण्यापासून खाली उतरत येऊ नका. तशी वंशावळ बहुधा तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि पोचली तर ओढूनताणून जोडलेली असते.

घरातले कागद आधी गोळा करा: जन्ममृत्यूचे दाखले, जुने पासपोर्ट, पत्रांची पाकिटं, फोटोंच्या पाठीवरचा मजकूर, धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा. कागदांइतकीच घाई घरातल्या वयस्कर माणसांशी बोलण्याची करा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. त्यांनी उच्चारलेलं गावाचं नाव जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून ठेवा. रोमन स्पेलिंगमध्ये उच्चार हरवतो, देवनागरीत तो बऱ्यापैकी टिकतो. पुढे नकाशावर पाच सारखी नावं समोर आली की हाच उच्चार कामी येतो.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ग्रॅम्प्स मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि माहिती तुमच्याच संगणकावर राहते. रूट्समॅजिक, लेगसी, फॅमिली ट्री मेकर हीसुद्धा वर्षानुवर्षं वापरात असलेली नावं. अँसेस्ट्री आणि मायहेरिटेज या संकेतस्थळांवर वंशवृक्ष आणि नोंदींचा शोध एकाच जागी मिळतो. फॅमिलीसर्च या संकेतस्थळाचं खातं मोफत आहे, पण तिथला वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एक आहे. तुमच्या पणजोबांची नोंद दुसरा कोणीही बदलू शकतो, हे आधी समजून घ्या.

निवड करताना दोन गोष्टी पाहा. प्रत्येक घटनेला तिचा पुरावा जोडता येतो का, आणि सगळी माहिती जेडकॉम फाइलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल अशा नमुन्यात, बाहेर काढता येते का. बाकीची सजावट दुय्यम. मी स्वतः मुख्य वंशावळ संगणकावरच ठेवते आणि संकेतस्थळांचा उपयोग नोंदी शोधण्यापुरता करते.

घरी म्हणतात आपण पोलंडचे. कागदावर मात्र एका ठिकाणी रशिया आणि दुसऱ्या ठिकाणी ऑस्ट्रिया. खरं काय?

तिन्ही खरं असू शकतं. पोलंडची १७७२, १७९३ आणि १७९५ मध्ये तीनदा फाळणी झाली आणि रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला. त्यानंतर थेट १९१८ पर्यंत पोलंड हा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता. त्या काळात परदेशी निघालेल्या पोलिश माणसाला कारकुनाने ‘देश कोणता’ असं विचारलं, तर कागदावर ज्याचं राज्य त्याचं नाव पडलं. घरात मात्र भाषा आणि ओळख पोलिश राहिली.

ल्विव्ह शहराचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रियाच्या अमलात ते लेम्बर्ग होतं. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये गेलं आणि ल्वूव्ह झालं. १९३९ मध्ये ते सोव्हिएत ताब्यात गेलं, १९४१ ते १९४४ जर्मनांच्या, मग पुन्हा सोव्हिएत युनियनच्या. १९९१ पासून ते स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. तिथे १९०५ मध्ये जन्मलेली बहीण, १९२५ मध्ये जन्मलेला भाऊ आणि १९५० मध्ये जन्मलेला भाचा, या तिघांच्या दाखल्यांवर तीन वेगळे देश येतील. घर कदाचित एकच असेल.

असंच अल्सासचं. १८७१ मध्ये ते फ्रान्सकडून जर्मनीकडे गेलं आणि पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे आलं. आजच्या ब्रातिस्लाव्हाला जर्मन लोक प्रेसबुर्ग म्हणत आणि हंगेरियन लोक पोझोनी.

अशा वेळी भाषेची नोंद शोधा. अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्यांची मातृभाषासुद्धा विचारली होती. जन्मदेशाच्या रकान्यात रशिया आणि मातृभाषा पोलिश दिसली, की घरातली आठवण आणि सरकारी कागद यांचा मेळ बसतो. घरच्यांना खोटं ठरवायची गरज उरत नाही.

मग सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण लिहायचं तरी कसं?

घटनेच्या दिवशी जे नाव आणि जे राज्य होतं ते लिहा. आजचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवा. ग्रॅम्प्समध्ये एकाच ठिकाणाला अनेक नावं देता येतात, प्रत्येक नावाचा काळ घालता येतो, आणि ते गाव कुठल्या काळात कुठल्या जिल्ह्याच्या, प्रांताच्या किंवा देशाच्या पोटात होतं हेही नोंदवता येतं. ही सोय नीट वापरली तर वरचा ल्विव्हचा गोंधळ एका ठिकाणाच्या एकाच नोंदीत मावतो.

ही सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गाव, तालुका, जिल्हा, प्रांत, देश अशा क्रमाने, लहानाकडून मोठ्याकडे लिहा, आणि आजचं नाव टिपणात टाका. टाइप करताना सॉफ्टवेअर आपणहून ठिकाणं सुचवतं, तेव्हा जरा थांबा. जर्मनीत मायन नदीवरचं फ्रांकफुर्ट वेगळं आणि ओडर नदीवरचं वेगळं. जॉर्जिया हा देश आहे आणि अमेरिकेतलं राज्यही. घाईत निवडलेली सूचना पूर्वजाला हजारो किलोमीटर दूर नेऊन ठेवते. नकाशावर ठिपका छान दिसत असतो, त्यामुळे ती चूक नंतर कोणाच्याच लक्षात येत नाही.

नोंदींमध्ये नुसता देश मिळतो, गाव कुठेच नाही. काय करू?

सगळ्यात जास्त कष्ट इथेच पडतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त समाधानही इथेच मिळतं.

आधी एक लक्षात घ्या. गावाचं नाव बहुतेक वेळा नव्या देशातल्याच कागदात दडलेलं असतं. जुन्या देशाच्या दप्तरात उडी मारण्याआधी इकडचा प्रत्येक कागद पाहून झाला पाहिजे. अमेरिकेच्या जनगणनेत १८८० पासून आईवडिलांचा जन्मदेश विचारला जाऊ लागला आणि १९०० पासून देशात आल्याचं वर्ष. त्या वर्षावरून जहाज शोधता येतं. नागरिकत्वाच्या अर्जांचे नमुने १९०६ च्या कायद्याने सगळ्या देशभर सारखे केले. त्यानंतरच्या अर्जांत जन्मठिकाण, जहाज आणि आल्याची तारीख मिळण्याची शक्यता बरीच वाढते. त्याआधीच्या अर्जात अनेकदा एवढंच असतं, की अमुक राजाशी असलेली निष्ठा सोडतो.

बंदर दोन असतात हेही विसरू नका, एक उतरण्याचं आणि एक निघण्याचं. हाम्बुर्ग बंदरातून निघालेल्या प्रवाशांच्या १८५० ते १९३४ या काळातल्या बहुतांश याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचं आधीचं राहतं ठिकाण लिहिलेलं आहे. ब्रेमेनच्या याद्या मात्र बहुतेक नष्ट झाल्या.

एवढं करूनही गाव मिळालं नाही, तर तुमच्या पूर्वजाला तात्पुरतं बाजूला ठेवा आणि त्याच्या आसपासच्या माणसांचा माग काढा. लग्नाला साक्षीदार कोण होते, मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपालक कोण होते, यादीत त्याच्या वरच्या-खालच्या ओळीत कोणाची नावं आहेत, शेजारच्या घरात कोण राहत होतं, थडग्यावर काय कोरलं आहे. माणसं एकेकटी सहसा जात नसत. एकाच गावातून आधी एक जाई आणि मग त्याच्या पाठोपाठ भाऊ, मेहुणे, शेजारी जात. पूर्वजाने गावाचं नाव सांगितलं नसेल, पण त्याच्या मेहुण्याने सांगितलेलं असू शकतं. म्हणून ही माणसं नात्यातली नसली तरी सॉफ्टवेअरमध्ये भरा. साक्षीदार, शेजारी, सहप्रवासी अशी भूमिका देऊन त्यांना घटनेशी जोडा. वर्षभराने तेच नाव दुसऱ्या कागदात दिसलं, की आठवण तुम्हाला नसली तरी सॉफ्टवेअरला असेल.

जहाजाच्या यादीत आमचं आडनावच नाही. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी-केंद्रात अधिकाऱ्याने ते बदललं म्हणतात.

ही कथा असंख्य घरांत सांगितली जाते, पण यंत्रणा तशी चालत नव्हती. एलिस आयलंडवर १८९२ ते १९५४ या काळात १ कोटी २० लाखांहून अधिक लोक उतरले. तिथल्या अधिकाऱ्यांच्या हातात जहाज कंपनीने दिलेली यादी असे, आणि प्रवाशांची नावं तिच्यात आधीच भरलेली असत. समोरचा प्रवासी त्या यादीशी पडताळून पाहणं हे त्यांचं काम. नाव बदललं ते बहुतेक वेळा नंतर, प्रवाशाने स्वतः, शाळेत, कामावर किंवा नागरिकत्व घेताना. तेव्हा यादीत जुनं नाव शोधा, आणि तेही निघण्याच्या ठिकाणच्या भाषेतल्या स्पेलिंगने.

शोधताना उच्चारावर चालणारी सोय वापरा. साउंडेक्स ही पद्धत जुनी आहे, तिची पेटंटं १९१८ आणि १९२२ ची. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवून पुढच्या व्यंजनांना ती आकडे देते. पण ती इंग्रजी वळणाच्या नावांसाठी बनवलेली आहे. श्वार्ट्स हे एकच आडनाव जर्मन स्पेलिंगने लिहिलं तर संकेत एस ६३२ येतो, आणि रशियन उच्चारावरून लिहिलं तर एस १६३. एक शोधलं तर दुसरं कधीच दिसणार नाही. १९८५ मध्ये तयार झालेल्या डाइच-मोकोटॉफ पद्धतीत दोन्ही एकाच संकेताखाली येतात. पूर्व युरोपातली किंवा यिडिश (तिथल्या ज्यूंच्या भाषेतली) नावं असतील तर हाच पर्याय निवडा.

आणि सगळीकडे आडनाव असतंच असं धरू नका. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं. त्याला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशा अर्थाचा शब्द जोडतात, म्हणून तिथे भाऊ आणि बहीण यांचं शेवटचं नावसुद्धा वेगळं दिसेल. अशा घरात सॉफ्टवेअरचा आडनावाचा रकाना सक्तीने भरू नका, पितृनावाचा प्रकार निवडा.

पूर्वज गिरमिटिया, म्हणजे करारावर परदेशी नेलेले मजूर, होते. त्यांचं मूळ गाव सापडू शकतं का?

होय, आणि अनेकदा युरोपातून गेलेल्यांपेक्षा नेमकं. मॉरिशसला मजूर नेणं १८३४ मध्ये सुरू झालं, त्रिनिदादला १८४५ मध्ये, सुरिनामला १८७३ मध्ये, फिजीला १८७९ मध्ये. निघताना प्रत्येकाचा पास तयार होई. फिजीला गेलेल्यांच्या पासवर नाव, वडिलांचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं आणि गाव असे रकाने आहेत. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदींचा मोठा संग्रह आहे. सुरिनामला गेलेल्यांची नावं ऑनलाइन शोधता येतात.

अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली आडनावाची. पासवर ते बहुधा नसतंच. पहिल्या पिढीतल्या माणसाचं एकेरी नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. त्यामुळे आजचं आडनाव घेऊन पास शोधला तर हाती काही लागत नाही. आधी त्या देशातल्या जन्म-विवाहाच्या नोंदींतून मागे जात जहाजाचं नाव आणि पासचा क्रमांक मिळवा. दुसरी अडचण गावाच्या नावाची. कारकुनाने कानाला लागलं तसं ते इंग्रजीत उतरवलं. इथे जिल्हा आणि ठाणं फार मोलाचं. ठाण्याची हद्द पक्की करून तिच्यातल्या गावांची यादी मोठ्याने वाचा. डोळ्याला न सापडलेलं नाव कानाला सापडतं.

पूर्वज गुलाम म्हणून नेले गेले असतील तर?

इथे कागदाने फार मोठा अन्याय केला आहे. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या, पण त्यांत नाव होतं मालकाचं. गुलाम माणसाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांची नावं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. त्यामागे जायचं तर मालकाच्या घराण्याचे कागद धुंडाळावे लागतात: मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, विक्रीचे करार. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मालकाचं घराणंही वेगळं भरावं लागतं. ते काम मनाला जड जातं, तरी करावं, कारण नाव परत मिळण्याची वाट तिथूनच जाते.

डीएनए चाचणीत थेट टक्केवारीच मिळते. मग एवढा खटाटोप कशाला?

टक्केवारी हा अंदाज आहे. तुमचा डीएनए आज हयात असलेल्या, ठरावीक प्रदेशांतल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून तो काढतात. नमुने वाढले किंवा गणित सुधारलं की आकडे बदलतात, तुमचा डीएनए तोच असूनही. शिवाय जनुकांना सीमा कळत नाहीत. शेजारच्या दोन देशांतली माणसं शतकानुशतकं एकमेकांत लग्नं करत असतील, तर त्यांना वेगळं करणं गणितालाही अवघड जातं.

आईवडिलांकडून निम्मा-निम्मा वारसा येतो, पण आजी-आजोबांकडून सरासरी २५ टक्के येतो. सरासरी म्हणजे कमी-जास्त होतोच. म्हणून सख्ख्या भावंडांचे आकडेही वेगळे येतात. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आणि त्यांतल्या अनेकांचा डीएनए तुमच्यात उरलेलाच नसतो. तो नाही म्हणून ते तुमचे पूर्वज नव्हते असं होत नाही.

खरा उपयोग होतो तो जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचा. एखाद्या दूरच्या भावंडाच्या वंशावळीत तेच गाव आलं आणि दोघांचा सामाईक पूर्वज कागदांवर सापडला, की शंभर टक्केवाऱ्यांचं काम एका झटक्यात होतं. चाचणी द्यायची असेल तर घरातल्या सगळ्यात वरच्या पिढीची आधी करा. त्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने. पितृत्वासारखी अनपेक्षित गोष्ट उघड होऊ शकते, हेही त्यांना आधी सांगा.

सॉफ्टवेअर ‘जुळणारी नोंद सापडली’ म्हणून सुचवत राहतं. स्वीकारू का?

पाहा जरूर, पण मूळ कागदाचं चित्र उघडून वाचल्याशिवाय स्वीकारू नका. नाव, साधारण वय आणि देश एवढ्यावर सूचना येतात, आणि एकाच नावाची दोन माणसं एकाच गावात असणं अगदी साधी गोष्ट आहे. दुसऱ्याच्या वंशवृक्षावरून आलेली सूचना हा तर पुरावाच नव्हे. एकाने केलेली चूक चाळीस जणांनी उचलली, की ती चाळीस पुराव्यांसारखी दिसायला लागते. अशी माहिती ‘तपासायची आहे’ असा शेरा मारून वेगळी ठेवा. खात्री किती हे नोंदवायची सोय असेल तर प्रामाणिकपणे वापरा. ‘कदाचित’ असं लिहायला लाजू नका.

एकाच माणसाच्या जन्माच्या दोन तारखा का येतात?

अनेकदा कॅलेंडरमुळे. ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये आलं, पण सगळ्यांनी ते एकदम घेतलं नाही. ब्रिटनने घेतलं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. रशियाने घेतलं १९१८ मध्ये, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तिथली फेब्रुवारीतली नोंद आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षातली असते. कागदावरची तारीख तशीच ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडरचा प्रकार निवडा. ३/४/१८९१ अशी तारीख मात्र कधीच भरू नका. महिना अक्षरात लिहा.

नोंदीच जळून गेल्या असतील तर?

डब्लिनचं सार्वजनिक अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी नष्ट झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आयरिश जनगणनांचे बहुतांश कागद त्यात गेले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचं १९२१ च्या आगीत अपरिमित नुकसान झालं. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये जळाली. हे माहीत असलं की नसलेल्या कागदाच्या मागे वर्षं जात नाहीत. अशा वेळी बाजूचा कागद शोधायचा. आयर्लंडसाठी ग्रिफिथचं मूल्यांकन आहे, १८४७ ते १८६४ या काळातलं. घर किंवा जमीन कोणाच्या ताब्यात होती ते त्यात गाववार मिळतं. १९०१ आणि १९११ च्या आयरिश जनगणना शाबूत आहेत आणि मोफत पाहता येतात. कुठल्या दप्तरात काय शोधलं आणि काय मिळालं नाही, हेही सॉफ्टवेअरमध्ये टिपून ठेवा. नाहीतर तोच शोध दोन वर्षांनी पुन्हा कराल.

एवढं भरलेलं सगळं सुरक्षित कसं ठेवायचं?

जेडकॉम हा वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा नमुना १९८४ पासून आहे. त्याची ७.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. जुन्या फाइलींमध्ये देवनागरी नावांचे चौकोन होण्याचा धोका असतो, म्हणून फाइल काढताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं सांभाळणारी पद्धत) हाच पर्याय निवडा. ७.० मध्ये तोच ठरलेला आहे. पर्सनल अँसेस्ट्रल फाइल हे एके काळचं लोकप्रिय सॉफ्टवेअर २०१३ मध्ये बंद झालं. ज्यांनी जेडकॉम काढून ठेवली होती, त्यांचं काम पुढे चालू राहिलं.

फाइल काढली की एकदा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. फोटो, ठिकाणांची जुनी नावं आणि साक्षीदारांच्या भूमिका या तीन गोष्टी वाटेत सगळ्यात आधी गळतात. हयात माणसांची माहिती लपवण्याचा पर्याय चालू करूनच फाइल कोणाला द्या. आणि एक प्रत घरातल्या पुढच्या पिढीतल्या कोणाकडे तरी ठेवा, पासवर्डसकट.